बायोडेटा आणि रेझ्युमे: माल लावण्याच्या नोकरीसाठी कोणता कागद द्यावा?

पुण्यातल्या सुपरमार्केटांत रॅकवर माल लावण्याच्या कामासाठी येणारे कागद मी बरीच वर्षे चाळले आहेत. बहुतेकांवर ठळक अक्षरांत ‘रेझ्युमे’ असे छापलेले असते. खाली मात्र वडिलांचे नाव, जन्मतारीख, उंची, वैवाहिक स्थिती, धर्म, राष्ट्रीयत्व आणि छंद अशी उतरंड लागते, म्हणजे शीर्षक रेझ्युमेचे आणि मजकूर बायोडेटाचा. एका मुलाच्या कागदाच्या माथ्यावर ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ होते आणि तळाशी ‘अपेक्षा : अनुरूप’. डीटीपीवाल्याने कोणाच्या तरी लग्नाच्या फाइलवरच नाव-पत्ता बदलून दिला होता. मुलगा कामाचा निघाला, पण ते कागदावरून कळले नव्हते.

हा घोळ होण्याचे कारण आपल्या बोलण्यात आहे. आपण ‘बायोडेटा दे’ असे स्थळ पाहतानाही म्हणतो आणि नोकरी पाहतानाही. स्थळाच्या कागदाचे काम माणूस कोण, कुठला आणि कोणाचा हे सांगण्याचे असते, आणि तिथे रास, नाडी, देवक, मामाचे कूळ हे सारे आपापल्या जागी योग्यच असते. नोकरीच्या बायोडेटातून रास-नाडी गळाली, पण सांगाडा तोच राहिला. रेझ्युमे हा शब्द फ्रेंचमधून आलेला असून त्याचा अर्थ ‘सारांश’ असा आहे, आणि तो सारांश माणसाचा नसून त्याने केलेल्या कामाचा असतो. मराठीत पूर्ण नाव लिहिले की वडिलांचे नाव त्यात आपोआप येते, हे लक्षात घेतले तर त्यासाठी वेगळा रकाना कशाला, हा प्रश्न कोणालाही पडावा. तरी तो रकाना हटत नाही.

हा फरक माल लावण्याच्या कामात अधिक जाणवतो, कारण कागद वाचणाऱ्याकडे फार वेळ नसतो. सकाळी दुकान उघडण्याआधी गाडी आलेली असते, चलनाप्रमाणे, म्हणजे मालासोबत आलेल्या यादीप्रमाणे, पेट्या मोजून घ्यायच्या असतात, फुटका डबा बाजूला काढायचा असतो, आणि ग्राहक येण्यापूर्वी निदान पुढच्या रांगा भरलेल्या दिसाव्या लागतात. अशा धावपळीत सुपरवायझर कागदावर तीन-चारच गोष्टी शोधतो: हा वजन उचलेल का, पहिल्या शिफ्टला वेळेवर पोहोचेल का, याला पाकिटावरची तारीख वाचता येते का, आणि दोन महिन्यांत सोडून तर जाणार नाही ना. या प्रश्नांची उत्तरे बायोडेटात नसतात. उंची तेवढी कधीतरी उपयोगी वाटू शकते, परंतु वरच्या फळीसाठी दुकानात स्टूल असतेच.

एक उदाहरण जवळून पाहू. मार्केट यार्डातल्या भुसार दुकानात दोन वर्षे काम केलेला मुलगा बायोडेटात लिहितो: ‘अनुभव : 2 वर्षे. स्वभाव : कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ.’ यातून सुपरवायझरच्या हाती काहीही लागत नाही, कारण आळशी माणूसही स्वतःला कष्टाळूच लिहितो. त्याच दोन वर्षांसाठी रेझ्युमेत असे लिहिता येते: ‘रोज गाडीवरून आलेल्या गोण्या व तेलाचे डबे उतरवून चलनाशी ताडून घेत असे, कमी किंवा खराब निघालेला माल वहीत नोंदवत असे, जुना माल पुढे व नवा मागे अशी रास लावत असे.’ साखरेची गोणी 50 किलोची आणि तेलाचा मोठा डबा साधारण 15 किलोचा असतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे ‘मी वजन उचलू शकतो’ असे वेगळे सांगावे लागत नाही. वजनाचा आकडा लिहायचाच असेल तर खरा लिहावा, तोच कामावर टिकतो. मोठा आकडा ठोकून दिला तर पहिल्याच दिवशी उघडे पडते.

जुना माल पुढे लावण्याचे वाक्य मी मुद्दाम घेतले आहे. हे काम केवळ फळी भरण्याचे आहे असे बाहेरून वाटते, पण त्याचे मर्म तारखेत आहे. ज्याची मुदत आधी संपते ते पाकीट आधी विकले गेले पाहिजे, म्हणून ते पुढे यायला हवे, मग ते दुकानात नंतर आलेले असले तरी. घाईत भरणारा माणूस नवे पाकीट पुढे ढकलतो, जुने मागे अडकून पडते आणि महिन्याअखेरीस ते टाकून देण्याची वेळ येते. साबण-शांपूवर तर कित्येकदा उत्पादनाचा महिना आणि ‘24 महिन्यांच्या आत वापरा’ एवढेच छापलेले असते; शेवटची तारीख मोजून काढावी लागते. ज्याने हे एकदा जरी केले असेल, त्याने ते रेझ्युमेत स्पष्ट लिहावे. बारकोड स्कॅनर हाताळला असेल, वार्षिक मालमोजणीला हजर असाल, फळीवरची किंमतपट्टी बदलली असेल, तर त्याचाही उल्लेख करावा.

‘मला अनुभवच नाही’ असे म्हणणाऱ्या मुलांपैकी अनेकांना अनुभव असतो, मात्र त्याला काम म्हणायचे त्यांना सुचत नाही. काकांच्या किराणा दुकानात दिवाळीआधी उटणे आणि मोती साबणाचे खोके लावणे हे काम आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या महाप्रसादासाठी आलेला शिधा यादीप्रमाणे मोजून घेणे हेही कामच आहे. बायोडेटात याचे ‘सामाजिक कार्याची आवड’ होते आणि ते छंदांच्या ओळीत क्रिकेटशेजारी जाऊन बसते. रेझ्युमेत तेच अनुभवाच्या जागी येते: किती वर्षे, कोणता माल, तुमच्याकडे नेमके काय सोपवलेले होते.

बायोडेटातले सगळेच निकामी असते असे मात्र नाही. पत्ता लागतो, पण घर क्रमांक आणि गल्लीसकट नव्हे. ‘हडपसर, स्वतःची दुचाकी आहे, सकाळी 6 ची शिफ्ट चालेल’ एवढे पुरते, कारण सुपरवायझरला तुमचे घर पाहायचे नसून तुम्ही पहिल्या बसवर अवलंबून आहात की नाही हे जाणून घ्यायचे असते. भाषा लिहाव्यात, कारण रॅक भरत असताना ‘साबुदाणा कुठे आहे?’ असे विचारणारा ग्राहक मराठीतच विचारील असे नाही. शिक्षण एका ओळीत आटोपावे. धर्म, जात, वैवाहिक स्थिती यांची काहीही गरज नाही. ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र आणि त्याखालचे ‘स्थळ : पुणे’ हेही खुशाल वगळावे.

आधार आणि पॅनचे क्रमांक कागदावर छापणे तर कटाक्षाने टाळावे. हे कागद काउंटरवर, ड्रॉवरमध्ये, व्हॉट्सअॅपवर कुठेही फिरतात. निवड झाल्यावर कागदपत्रे मागितली जातातच. तेव्हा बारापैकी शेवटचेच चार अंक दाखवणारी आधारची प्रत चालेल का, हे विचारून घ्यावे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आधीच्या नोकरीतून मिळाला असेल तर तो जपून ठेवावा आणि रुजू होताना द्यावा. रेझ्युमेत त्याचे काम नाही.

भाषेविषयी नेहमी विचारले जाते. मोठ्या साखळीच्या दुकानांत इंग्रजी कागद रूढ आहे, पेठेतल्या किंवा उपनगरातल्या एकट्या दुकानात मराठी उत्तम चालते. इंग्रजीत द्यायचाच असेल तर वाक्ये छोटी आणि स्वतःला समजतील अशीच असावीत. नेटवरून उचललेल्या उद्दिष्टाच्या परिच्छेदाचा अर्थ विचारल्यावर मुलाखतीत घाम फुटलेले उमेदवार मी पाहिले आहेत, आणि तो परिच्छेद मी स्वतः कधीच वाचत नसे.

राहता राहिला फोन नंबर. लग्नाच्या बायोडेटात संपर्कासाठी वडिलांचा किंवा मामांचा नंबर देण्याची रीत आहे, आणि तीच फाइल नोकरीसाठी वापरली की तो नंबर तसाच राहतो. रेझ्युमेवर स्वतःचा, चालू असलेला नंबर हवा, कारण माल लावणारा माणूस पुष्कळदा त्याच दिवशी हवा असतो. एकदा मी अशाच एका नंबरावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी माझे म्हणणे पुरते ऐकण्याआधीच अदबीने विचारले, ‘‘आपलं मूळ गाव कोणतं म्हणायचं?’’ मी गाव सांगितले. मग त्यांनी मुलगी काय शिकली आहे, ते विचारले.