काय म्हणायचं काकांना?

सांगलीच्या गणपती पेठेत आईचा हात धरून आलेल्या तीन-साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातावर दुकानदार दोन-चार बेदाणे ठेवतो. पोरगं ते लगेच तोंडात टाकतं. "काय म्हणायचं काकांना?" आई विचारते. पोरगं गप्प. "थँक्यू म्हण." पोरगं पदराआड. मग आईच ओशाळते, "घरी चुरूचुरू बोलतो हो, बाहेर आलं की हे असं."

यात ओशाळण्यासारखं काही नाही. बॉस्टनमध्ये जीन बर्को ग्लीसन आणि एस्थर ग्रीफ या भाषा-मानसशास्त्रज्ञ महिलांनी १९८० मध्ये नेमका हाच प्रसंग प्रयोगशाळेत घडवून आणला होता. मुलं दोन ते पाच वर्षांची, सोबत आई किंवा वडील. एक अनोळखी मदतनीस आत यायची, मुलाला नमस्कार करायची, भेटवस्तू द्यायची आणि निरोप घ्यायची. भेटल्यावर बोलणं, वस्तू मिळाल्यावर आभार मानणं आणि जाताना निरोप देणं, या तिन्हींत मुलांनी आपणहून सगळ्यात कमी केलेली गोष्ट म्हणजे आभार. आणि आईवडिलांनी सगळ्यात जास्त मागे लागून म्हणवून घेतलेली गोष्टही तीच.

ग्लीसनबाईंनी त्यातून काढलेला मुद्दा मला फार पटतो. मूल 'पाणी', 'भूभू', 'पडलं' हे शब्द शिकतं तेव्हा वस्तू किंवा घटना समोर असते, अर्थ आधी कळतो आणि मग शब्द येतो. शिष्टाचाराच्या शब्दांचं उलटं असतं. तिथे आधी शब्द तोंडात बसवला जातो, अर्थ कुणी सांगतच नाही. तो पुढे कधीतरी, बरीच वर्षं गेल्यावर भरतो.

म्हणून मागे लागणं वाया जातं असं नाही. वळण घोकूनच लागतं. पाया पडणं, आल्यागेल्याला 'या, बसा' म्हणणं, चपला बाहेर काढणं हे पोरं समजून-उमजून नव्हे, बघून बघून करतात. आता त्या प्रयोगातली एक बारीक नोंद सांगतो. त्या मदतनिसाचे आभार स्वतः मानण्यात आया वडिलांच्या पुढे होत्या. मुलाला शिकवताना दोघांचा उत्साह मात्र सारखाच! एसटीतून उतरताना कंडक्टरशी एक शब्द न बोलणाऱ्या बाबांनी हे जरा मनावर घ्यावं.

कृतज्ञता मात्र वेगळी वाट चालते. अब्राहम टेसर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवलं की आपल्याला किती कृतज्ञ वाटेल ते तीन गोष्टींवर ठरतं: समोरच्यानं ते मुद्दाम आपल्यासाठी केलं का, त्याला त्याची किती झळ बसली, आणि आपल्याला त्याचा किती उपयोग झाला. तिसरी गोष्ट पोराला लगेच कळते, बेदाणा गोड लागतो. पहिल्या दोन गोष्टी कळायला दुसऱ्याच्या मनात शिरावं लागतं, आणि ते लहानग्यांना जमत नाही. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो आणि मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बेधडक दुसरं कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते मॅक्सीला माहीत नाही, हे त्यांच्या गावीच नसतं. चार-पाच वर्षांच्या आसपास ही समज उमलू लागते. त्याआधी 'काकांनी किती प्रेमानं दिलं बघ' हे वाक्य पोराच्या डोक्यावरून जातं.

समज आली तरी ती टप्प्याटप्प्यानं पिकते. फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामेर यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना दोन प्रश्न विचारले: तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील? हा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलं स्वतःला आवडणारी वस्तू द्यायला निघायची, जसं एखादं खेळणं किंवा खाऊ. मोठी मुलं त्या माणसाला कशाची गरज पडेल याचा विचार करायची.

आमच्याकडच्या बेंदरात, म्हणजे बैलांच्या सणात, हे दोन्ही टप्पे एकत्र दिसतात. आषाढातल्या बेंदराला बैलाला पुरणपोळी चारतात. आता पुरणपोळी आवडते ती आपल्याला, म्हणजे बर्नच्या लहान पोरांचा हिशेब. पण आदल्या दिवशीची खांदेमळणी बघा. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तेल-तूप चोळतात आणि बेंदराच्या दिवशी त्यांच्यावर जू ठेवत नाहीत. झळ कुठे बसली ते ओळखून नेमका तिथेच हात. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातले बैल कमी झाले, पण ज्यांच्या दारात जोडी आहे त्यांनी खांदेमळणीला सात-आठ वर्षांच्या पोराचा हात जरूर लावून घ्यावा. खांद्यावरचा घट्टा बोटांना लागला की फार बोलावं लागत नाही.

बैल नसले तरी तासगावचा बेदाणा आहेच. द्राक्षबागेतली एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी, मधल्या फवारण्या, अवकाळीची धास्ती. मग तोडलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवायचे, झाडायचे, निवडायचे, प्रतवारी करायची. शिऱ्यातल्या एका बेदाण्यामागे एवढे हात आहेत हे शेडवर नेऊन दाखवता येतं, सांगलीकराला त्यासाठी लांब जायला नको.

असं दाखवण्याचा उपयोग होतो, याला आधार आहे. जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना वर्गात हेच शिकवलं: मदत करणाऱ्याचा हेतू काय, त्याला किती झळ बसली, तुला काय मिळालं. २०१४ मध्ये छापलेल्या या अभ्यासात, असे धडे न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांनी पालक-शिक्षक संघाला ८० टक्के जास्त आभारपत्रं लिहिली. उलट 'रोज पाच चांगल्या गोष्टी लिहा' छापाच्या वह्या काही शाळांत हौसेनं सुरू होतात, पण २०१६ मध्ये अशा शालेय उपक्रमांचे निकाल एकत्र तपासले तेव्हा परिणाम फारसा दिसला नाही. पाचव्या दिवशी पोरगं 'आई, बाबा, ताई, शाळा, सूर्य' लिहून मोकळं होणार, दुसरं काय!

घरात कुणी कुणाला आभार म्हणत नाही, याची तक्रार मात्र सोडून द्यावी. पाच खंडांतल्या आठ भाषा बोलणाऱ्यांचं रोजचं घरगुती बोलणं २०१८ मध्ये सायमन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी तपासलं. कुणी मागितलेलं काम झाल्यावर तोंडानं आभार मानले गेले ते वीसातून एखाद्या वेळी. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे थोडे पुढे, तेही सातातून एकदा. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेच्या नोंदींत तर एकदाही नाही. तरी कामं अडत नव्हती, बहुतेक वेळा मागितलेलं मिळत होतं. अभ्यासात मराठी नव्हती, पण 'घरच्यांना कसलं थँक्यू' म्हणणाऱ्या आज्जीला जगभरातून साथ आहे.

बक्षिसाचं तेवढं जपावं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवलं की अठरा महिन्यांचं मूलसुद्धा मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतं. दोन वर्षांनी त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांचे तीन गट केले. मदत केल्यावर एकाला खेळणं, एकाला नुसती शाबासकी, एकाला काहीच नाही. पुढच्या फेरीत खेळणं मिळालेली मुलं मदतीला कमी धावली, बाकीच्या दोन गटांवर परिणाम झाला नाही. तेव्हा पंगतीत पाण्याचा तांब्या आणून दिला म्हणून पोराच्या मुठीत दहाची नोट कोंबणाऱ्या मामांना घरातल्या कुणीतरी जरा आवरावं.