मॉडिंगची साधने खेळाडूंच्या हाती द्यावीत का? – गेम स्टुडिओंसाठी माहितीपत्रक

मॉड म्हणजे खेळाडूंनी मूळ गेममध्ये केलेला बदल किंवा घातलेली भर. ते बनवण्याची साधने द्यावीत का, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक स्टुडिओला आम्ही आधी एक प्रतिप्रश्न करतो. शत्रूंची ताकद, वस्तूंच्या किमती, संवाद, नकाशे हे सगळे तुमच्या कोडमध्ये गुंफलेले आहे की वेगळ्या फाइलींत आहे? कोडमध्ये असेल, तर साधनांचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डेटा वेगळा करा. फाइलींत असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: साधने द्या. मात्र तुमची टीम वापरते तो एडिटर (नकाशे वगैरे बनवण्याचे सॉफ्टवेअर) जसाच्या तसा देऊ नका, आणि एका झटक्यात सगळे उघडू नका.

१९९३ च्या ‘डूम’मध्ये इंजिन (गेम चालवणारा कोड) एकीकडे आणि नकाशे, चित्रे, आवाज ‘वॅड’ फाइलीत दुसरीकडे होते. खेळाडू स्वतःची वॅड फाइल मूळ फाइलीवर चढवत, मूळ फाइल जशीच्या तशी राहत असे. नकाशांचे एडिटर तर चाहत्यांनीच लिहिले. म्हणजे चांगली फाइलरचना हेच पहिले साधन. एडिटर त्यानंतर येतो.

कोणत्या क्रमाने उघडावे

सुरुवात आकडे, मजकूर आणि भाषांतरांपासून करा. एक्सएमएल किंवा जेसन (डेटा साध्या मजकुरात लिहिण्याच्या पद्धती) फाइली आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे एक पान एवढे पुरते. पुढची पायरी चित्रे, आवाज आणि मॉडेलची, मग नकाशे, आणि सर्वांत शेवटी स्क्रिप्ट, म्हणजे गेमचे वागणे बदलणारा छोटा कोड. पहिली पायरी दोन-तीन अपडेटमध्ये न मोडता टिकली, तरच पुढची उघडा.

पहिल्याच पायरीवर एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो नंतर बदलणे फार जड जाते. मॉडने अख्खी फाइल बदलायची, की फक्त आपल्यापुरता बदल सांगायचा? अख्खी फाइल बदलू दिली, तर एकाच फाइलीला हात घालणाऱ्या दोन मॉडपैकी शेवटी लोड होणारे जिंकते आणि दुसरे गुपचूप निकामी होते. खेळाडूला दिसते ते एवढेच, की गेम बिघडला. ‘रिमवर्ल्ड’मध्ये मॉड फाइलीतला नेमका घटक शोधून तेवढाच बदलू शकते, त्यामुळे बरीच मॉड एकत्र नांदतात. तुम्हीही तसेच करा.

ओळखक्रमांकांचेही तसेच आहे. ‘स्कायरिम’मध्ये प्रत्येक नोंदीच्या आठ षोडशमान अंकी (प्रत्येक अंकाच्या १६ शक्यता) क्रमांकातले पहिले दोन अंक ती कोणत्या प्लगइनमधली (मॉडच्या फाइलीतली) आहे ते सांगतात. अशा दोन अंकांत २५६ च्या वर किमती मावतच नाहीत, म्हणून एका वेळी चालणाऱ्या पूर्ण प्लगइनची संख्या तिथेच अडली. पुढे हलक्या प्लगइनचा वेगळा प्रकार काढावा लागला. क्रमांकांऐवजी ‘मॉडचे नाव, अपूर्णविराम (:), वस्तूचे नाव’ अशी अक्षरी ओळख ठेवली, तर ही भिंत उभीच राहत नाही.

युनिटी हे गेम-इंजिन वापरत असाल, तर चित्रे आणि मॉडेलचे असेट बंडल (एकत्र बांधलेली फाइल) तुमच्याच युनिटी आवृत्तीत आणि त्याच प्लॅटफॉर्मसाठी बांधायला सांगा. नाहीतर शेडर (पृष्ठभागाचा रंग-प्रकाश ठरवणारा कोड) सापडत नाही आणि सगळे मॉडेल भडक गुलाबी दिसते. ही आवृत्ती मार्गदर्शक पानाच्या पहिल्या ओळीत लिहा.

स्क्रिप्ट: सर्वांत मोलाची आणि सर्वांत धोक्याची पायरी

खरी नवनिर्मिती इथे होते. ‘हाफ-लाइफ’ १९९८ मध्ये आला, त्याच्यावर १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ हे मॉड उभे राहिले आणि २००० मध्ये ते स्वतंत्र गेम म्हणून विकले गेले. पण स्क्रिप्ट म्हणजे अनोळखी माणसाचा कोड खेळाडूच्या संगणकावर चालवणे, हे क्षणभरही विसरू नका. २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मॉडमधून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘स्ले द स्पायर’च्या एका लोकप्रिय मॉडच्या अपडेटमधून माहिती चोरणारे मालवेअर पसरले. दुसऱ्या प्रसंगात मॉड बनवणारे प्रामाणिक होते, त्यांची खाती ताब्यात घेतली गेली होती. त्यामुळे ‘ओळखीचा मॉडर आहे’ ही सुरक्षा नव्हे.

आम्ही बहुतेक ठिकाणी लुआ ही स्क्रिप्टभाषा सुचवतो, कारण तिला कुंपण घालता येते:

– ‘आयओ’, ‘ओएस’, ‘डीबग’ आणि ‘पॅकेज’ ही लायब्ररी मॉडला देऊच नका. वेळ किंवा यादृच्छिक आकडा लागला, तर तेवढेच फंक्शन तुम्ही लिहून द्या.
– बाइटकोड (आधीच यंत्रासाठी रूपांतरित केलेली स्क्रिप्ट) नाकारा, फक्त मजकुरी स्क्रिप्ट स्वीकारा. खास घडवलेल्या बाइटकोडने कुंपण फोडता येते.
– चाललेल्या सूचनांची मोजणी करणारा हुक (मध्येच बोलावले जाणारे फंक्शन) लावा, म्हणजे न संपणारा लूप गेमला गोठवण्याआधी थांबवता येतो. मेमरीची मर्यादा अलोकेटरमध्येच (मेमरी वाटून देणाऱ्या भागात) घाला.
– झिप उघडताना ‘दोन टिंब आणि तिरकी रेघ’ (../) असलेले किंवा मुळापासून सुरू होणारे पाथ (फाइलींचे पत्ते) नाकारा. उघडल्यानंतरच्या एकूण आकारालाही कमाल मर्यादा ठेवा.

सी शार्प भाषेतल्या डीएलएल (तयार कोडच्या) फाइलींना असे कुंपण नसते. लोड झालेली फाइल गेमचे सगळे अधिकार वापरते. ती वाट उघडी ठेवायचीच असेल, तर मॉड सुरू करण्याआधी खेळाडूला हे साध्या शब्दांत सांगणे तुमचे कर्तव्य आहे.

अपडेट आणि सेव्ह फाइली

मॉडवरून होणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच जन्मतात. प्रत्येक मॉडच्या माहितीफाइलीत नाव, आवृत्ती, कोणत्या गेम-आवृत्तीपासून कोणत्यापर्यंत चालते आणि कोणती इतर मॉड लागतात, हे सक्तीचे करा. मोठे अपडेट निदान दोन आठवडे आधी बीटा शाखेत (चाचणीसाठीच्या वेगळ्या आवृत्तीत) ठेवा आणि जुनी आवृत्तीही वेगळ्या शाखेत उपलब्ध राहू द्या. शंभर तास खेळलेल्या माणसाची सेव्ह फाइल एका रात्रीत बंद पडणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सेव्ह फाइलीत सक्रिय मॉडची यादी साठवा. काढून टाकलेल्या मॉडची तलवार सापडली नाही, तर गेम क्रॅश होऊ नये. तिच्या जागी रिकामी खूण ठेवा, म्हणजे मॉड परत घातले की तलवारही परत येते. गेम सुरू होतानाच लागोपाठ दोनदा कोसळला, तर तिसऱ्यांदा मॉडशिवाय उघडावा. क्रॅश अहवालात मॉडची यादी अगदी वर यावी आणि असे अहवाल वेगळ्या रांगेत जावेत. हे केले नाही, तर तुमचा सपोर्ट विभाग दुसऱ्यांच्या चुका शोधत बसेल.

मल्टिप्लेअरमध्ये दोन्ही बाजूंच्या मॉडचा हॅश (फाइलीवरून काढलेली छोटी खूण) जुळल्याशिवाय जोडणी करू नका. क्रमवारीच्या सामन्यांत मॉड बंदच ठेवा.

हक्क, पैसा आणि विसरलेल्या फाइली

‘वॉरक्राफ्ट ३’सोबत २००२ मध्येच नकाशा एडिटर मिळाला. त्यातून ‘डोटा’ जन्मला, पण ‘डोटा २’ २०१३ मध्ये दुसऱ्याच कंपनीने आणला. पुढे २०२० मध्ये मूळ कंपनीने खेळाडूंनी बनवलेल्या गेमवर स्वतःचा हक्क सांगणारे नियम केले आणि खेळाडू संतापले. आमचे मत असे: मॉडरचे काम मॉडरचे राहू द्या, तुम्हाला फक्त ते वितरित करण्याचा आणि गरज पडल्यास हटवण्याचा परवाना घ्या. हे पहिल्या दिवशीच लिहा.

सशुल्क मॉड सुरुवातीला नकोत. ‘स्कायरिम’साठी एप्रिल २०१५ मध्ये ती आली, मॉडरला २५ टक्के वाटा होता, आणि विरोधामुळे काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली.

तुमच्या फाइलींत अर्धवट टाकून दिलेले काय पडले आहे, तेही तपासा. ‘जीटीए सॅन अँड्रियास’मध्ये बंद करून ठेवलेला प्रौढ प्रसंग २००५ मध्ये एका मॉडने उघडला आणि अमेरिकेत गेमचे मानांकन बदलून फक्त प्रौढांसाठीचे झाले. नको असलेला भाग लपवून भागत नाही, तो बिल्डमधून (गेमच्या तयार आवृत्तीतून) काढा. एडिटरमध्ये वापरलेल्या ऑडिओ इंजिन, फॉन्ट आणि प्लगइनचे परवानेही बघा. गेममध्ये चालवण्याची परवानगी असली, म्हणून ती साधने वाटण्याची असतेच असे नाही.

कोणी थांबावे

पोशाख आणि स्किन (पात्रांची वेगळी रूपे) विकून चालणारा ऑनलाइन गेम, परवान्याने घेतलेली पात्रे असलेला गेम, किंवा अपडेटनंतर मॉडरना उत्तर द्यायला एकही माणूस मोकळा नसलेली टीम. अशांनी भाषांतराच्या फाइली उघडाव्यात आणि तूर्त तिथेच राहावे. देऊन मग बंद केलेल्या साधनांचा राग कधीच न दिलेल्या साधनांपेक्षा मोठा असतो.

पहिल्या भेटीला येताना चालू बिल्ड, डेटा फोल्डरची यादी, वापरलेल्या बाहेरच्या लायब्ररींची परवानापत्रे आणि मागच्या तीन अपडेटमध्ये फाइलरचना कुठे बदलली त्याची नोंद सोबत आणावी. कोणती पायरी आधी उघडायची, हे त्या नोंदीवरून ठरवता येते.