रिग घटल्या, गॅस वाढला

अमेरिकेत बेकर ह्यूज ही कंपनी दर शुक्रवारी एक आकडा जाहीर करते: या आठवड्यात देशात किती रिग (तेल-गॅसच्या विहिरी खोदणारी यंत्रं) खोदकाम करत होत्या. 1944पासूनचा हा शिरस्ता. गॅसच्या रिग घटल्या की आपल्याकडे मथळा येतो, 'गॅस महागणार', आणि रत्नागिरीतल्या सीएनजीच्या रांगेत रिक्षावाल्यांच्या तोंडी तेच वाक्य असतं. आकडा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. 2008 साली गॅसच्या रिग 1,606 पर्यंत गेल्या होत्या, तेव्हा उत्पादन दिवसाला साधारण 55 अब्ज घनफूट होतं. 2024 मध्ये रिग शंभराच्या आसपास उरल्या आणि उत्पादन शंभर अब्जांच्या वर होतं. त्यातला जवळपास एक तृतीयांश गॅस पेनसिल्वेनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो या पट्ट्यातून येतो. तिथला मुख्य खडक मार्सेलस शेल, सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा काळा चिखल दाबून झालेला दगड.

हे कोडं सोडवायचं तर आधी आपल्या बोअरकडे पाहू. कोकणात वर जांभा, खाली शेडी (मऊ चिकणमाती), मग काळवथर (काळा कठीण दगड). शेडी ओलांडून केसिंग (बोअरमध्ये उतरवायचा पाइप) पक्क्या दगडात बसवलं नाही, तर ती आत ढासळते आणि बोअर गाळाने भरते. काळवथरात पाणी लागतं ते भेगेतच, म्हणून एकाची बोअर भरते आणि पंधरा फुटांवरच्या शेजाऱ्याची कोरडी जाते. (नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याचं दुकान याच अनिश्चिततेवर चालतं. डोळे बांधून त्याच अंगणात पुन्हा फिरवा, नारळ भलतीकडेच उभा राहतो.)

शेलची गोष्ट उलटी आहे. गॅस खडकात सगळीकडे आहे, पण वाट नाही. चांगल्या वाळूच्या दगडापेक्षा शेलमधून वायू लाखपट कठीणपणे सरकतो. त्यामुळे आधी दीड-दोन किलोमीटर सरळ खाली जायचं, मग पाइप हळूहळू वाकवत खडकाच्या थरातून आडवं तीन किलोमीटर किंवा त्याहून जास्त. साडेपाच इंची केसिंग घालून बाहेरून सिमेंट भरायचं. मग टोकाकडून मागे येत, साधारण 200 फुटांचा एकेक टप्पा घ्यायचा: स्फोटकांनी केसिंगला भोकं पाडायची, पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत ढकलायची, टप्पा झाला की बूच मारून पुढचा. पाण्याने खडक फुटतो आणि वाळूचे कण भेग मिटू देत नाहीत. 10,000 फुटांच्या आडव्या विहिरीला सुमारे सहा कोटी लिटर पाणी आणि नऊ हजार टन वाळू लागते. मे महिन्यात वाडीवर येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर सहा हजार टँकर. वाळू जास्त आणि पाणी कमी पडलं की भेगेच्या तोंडाशीच वाळू अडते, दाब एकदम चढतो आणि पंप बंद करून विहीर धुवावी लागते. वरच्या भागातलं सिमेंट कच्चं राहिलं तर गॅस बाहेरच्या बाजूने वर चढून लोकांच्या पिण्याच्या विहिरींपर्यंत पोचू शकतो.

आता खरी गंमत. पावसाळाभर भिजलेली जांभ्याची भिंत ऑक्टोबरात वाळताना पाहा. वरचा पापुद्रा चार दिवसांत कोरडा, पण ओल आतून यायला लागली की दिवस लागतात. दुप्पट खोलीवरून ओल यायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या शेलमध्ये गॅसचा दाब असाच उतरत जातो. दाब किती आतपर्यंत उतरला ते अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून विहिरीतून गॅस निघण्याचा दर वेळेच्या वर्गमुळाने घटतो. पहिल्या महिन्याअखेर दर 100 धरला, तर चौथ्या महिन्याअखेर 50, नवव्याला 33, सोळाव्याला 25. एकूण निघालेला गॅस मात्र वर्गमुळानेच वाढतो: सोळा महिन्यांत पहिल्या महिन्याच्या चौपट. दोन शेजारच्या भेगांपासून निघालेली दाबाची उतरती लाट मधोमध भेटली की वर्गमुळाचा नियम संपतो, कारण मागून पुरवठा करायला ताजा खडकच उरत नाही, आणि दर आणखी वेगाने कोसळतो. भेगा जवळजवळ पाडल्या तर सुरुवातीचा दर मोठा, पण ही भेटही लवकर. म्हणून विहिरीच्या पहिल्या महिन्याचा आकडा दाखवून शेअर खपवणाऱ्यांपासून चार हात दूर राहावं.

म्हणजे शेलचा पट्टा ही अखंड पळती पट्टी आहे. नव्या विहिरी थांबल्या तर उत्पादन घसरणारच. मग रिग घटूनही गॅस वाढला कसा? एक तर आजची रिग खाली उतरवून दुसरीकडे न्यावी लागत नाही. हायड्रॉलिक पायांवर चालत ती त्याच आवारातल्या पुढच्या विहिरीवर जाते. दुसरं, आडव्या भागाची लांबी वाढली, म्हणजे एका भोकात कितीतरी जास्त भेगा. तिसरं, खोदून ठेवलेल्या पण न फोडलेल्या विहिरींचा साठा असतो. भाव पडला की त्या तशाच ठेवतात, चढला की फक्त फोडायच्या, रिग लागतच नाही. शिवाय टेक्सासमध्ये तेलासाठी खोदलेल्या विहिरींतूनही ढीगभर गॅस येतो आणि त्या रिग तेलाच्या रकान्यात मोजल्या जातात. रिगचा आकडा वाचायचाच तर फोडणाऱ्या पंपांचे किती ताफे कामावर आहेत तेही पाहावं, आणि परिणामासाठी काही महिने थांबावं.

कोकणात शेल गॅस शोधण्यात अर्थ नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या दगडात सेंद्रिय चिखल कुठून येणार? पण अमेरिकेचा गॅस इथे येतो. 30 मार्च 2018 रोजी लुइझियानातल्या सबीन पास बंदराहून गेल या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ करारातलं पहिलं जहाज दाभोळला लागलं (नाव दाभोळचं, जागा गुहागर तालुक्यातली). उणे 162 अंशांना द्रव केलेला गॅस मूळ आकारमानाच्या सहाशेव्या भागात मावतो, म्हणून हा प्रवास परवडतो. त्या कराराचं सूत्र साधं आहे: हेन्री हब या अमेरिकी बाजारातल्या भावाच्या 115 टक्के, अधिक 3 डॉलर द्रवीकरणाचे, वर जहाजभाडं वेगळं (सगळे भाव दर एमएमबीटीयूमागे, म्हणजे उष्णतेच्या दहा लाख ब्रिटिश एककांमागे). हबवर भाव 2 डॉलर असेल तर जहाजात भरताना 5.30, आणि 2022च्या ऑगस्टसारखा 9 झाला तर 13.35. तिकडे साडेचारपट, इकडे अडीचपट. आणि गॅस उचललाच नाही, तरी ते 3 डॉलर द्यावेच लागतात.