शनिमंत्राचा जप

शनी या ग्रहदेवतेच्या मंत्राचे नियमाने व ठरावीक संख्येने केलेले आवर्तन. नवग्रहांपैकी प्रत्येकाचा जप सांगितलेला आहे. तरी पडत्या काळात आठवण होते ती बहुधा शनीची. नोकरी सुटली, कोर्टकचेरी मागे लागली, घरातले आजारपण हटेना, की वडीलधारी माणसे पत्रिका काढतात आणि साडेसाती निघाली तर जप सांगतात.

‘शनैश्चर’ म्हणजे सावकाश चालणारा. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला शनीला सुमारे २९.५ वर्षे लागतात. म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम जवळजवळ अडीच वर्षांचा. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास, एवढा प्रवास म्हणजे साडेसाती. जपाने हा काळ आखूड होतो असे कोणी मानत नाही. शनी पुढे सरकायचा तेव्हाच सरकतो. तोवर पीडा सौम्य व्हावी आणि मन खचू नये, एवढेच मागणे असते.

सर्वांत रुळलेला मंत्र नवग्रहस्तोत्रातला आहे. हे स्तोत्र परंपरेने व्यासांचे मानतात:

नीलांजनसमाभासं रविपुत्रं यमाग्रजम् ।
छायामार्तंडसंभूतं तं नमामि शनैश्चरम् ॥

काळ्यानिळ्या काजळासारखी कांती असलेला, सूर्याचा पुत्र, यमाचा थोरला भाऊ, छाया आणि मार्तंड यांच्यापासून जन्मलेला, अशा शनैश्चराला मी नमस्कार करतो. श्लोकात मागणे काहीच नाही. ज्याची धास्ती वाटते त्याचे कूळ, रंग, नातीगोती सांगून त्याला वाकून नमस्कार करायचा, इतकेच. आणि भ्यालेल्या माणसाला धीर येतो तो बहुधा याच ओळख पटण्यातून.

वैदिक विधीत ‘शं नो देवीरभिष्टये’ ही ऋचा शनीसाठी वापरतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या ग्रहशांती प्रकरणात तिचा निर्देश आहे. मुळात ही ऋग्वेदातली (१०.९.४) आपोदेवतांची, म्हणजे पाण्याची ऋचा. तिच्यात शनीचे नावही नाही. ‘शं’ म्हणजे कल्याण, शांती, हा आरंभीचा उच्चार तेवढा त्याच्या नावाशी जुळतो. तहानलेल्याने पाण्याला केलेली प्रार्थना अशी कोरड्या ग्रहाच्या वाट्याला आली आहे. वेदोक्त मंत्रांचा अधिकार परंपरेने उपनयन झालेल्यांपुरता राखला गेला. ‘नीलांजन’ श्लोक आणि ‘ॐ शं शनैश्चराय नमः’ हा नाममंत्र मात्र कोणीही म्हणावा, असाच प्रघात आहे.

शनीची जपसंख्या २३,००० मानतात. कलियुगात चौपट करावी या मताने ती ९२,००० होते. माळ १०८ मण्यांची असली तरी हिशेबात शंभरच धरण्याची रीत आहे, वरचे आठ चुकाचुकीसाठी सोडलेले. त्यामुळे रोज दहा माळा ओढल्या तर २३ दिवसांत अनुष्ठान पुरे होते. आरंभ शनिवारी, स्नानानंतर, संकल्प करून. आसन आणि वेळ शक्यतो एकच. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढायची, तर्जनी लावायची नाही आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नाही. तिथून माळ फिरवून घ्यायची. मोठ्याने, पुटपुटत किंवा मनातल्या मनात असे जपाचे तीन प्रकार असून मनुस्मृती मानसजपाला श्रेष्ठ ठरवते. शेवटी दशांश, म्हणजे जपसंख्येच्या दहाव्या हिश्श्याइतके, हवन करतात, त्यात शनीची समिधा शमीची.

पुरोहिताकडून जप करवून घेण्याचीही प्रथा आहे. पण बळ हवे असेल तर जप स्वतःच्या मुखाने व्हावा. रोज त्याच जागी येऊन बसणे दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

ग्रहांचा माणसाच्या नशिबावर परिणाम होतो याला विज्ञानाचा आधार नाही आणि साडेसातीची भीती घालून महागड्या शांती गळ्यात मारणारेही आहेत. मंत्रोच्चाराचा शरीरावर होणारा परिणाम मात्र मोजला गेला आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली आलेल्या अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींनी जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हटला, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. शनिमंत्र त्या अभ्यासात नव्हता.

महाराष्ट्रात जपाच्या जोडीला शनिवारी शनिमाहात्म्याचे वाचन, मारुतीला तेल व रुईच्या पानांची माळ आणि नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरचे दर्शन हे ओघाने येते. तिथे शनी उघड्या चौथऱ्यावर, काळ्या शिळेच्या रूपात आहे. शनिमाहात्म्यातला राजा विक्रम शनीची निंदा करतो आणि साडेसातीत सापडतो. चोरीचा आळ येऊन त्याचे हातपाय तोडले जातात. तो तेल्याच्या घाण्यावर बसून गात राहतो आणि त्याच्या दीपक रागाने दिवे लागतात. अखेर प्रसन्न झालेला शनी वर माग म्हणतो, तेव्हा राजा स्वतःसाठी काही मागत नाही. मला दिलीत तशी पीडा दुसऱ्या कोणाला देऊ नका, असे तो म्हणतो.