गंगाघाटावरचं गोंदण आणि कॉलेज रोडचा टॅटू

आजीला दवाखान्यात नेलं की केसपेपर काढणारा विचारायचा, आजी नवऱ्याचं नाव काय, आणि आजी काहीच बोलायची नाही, नुसता पदर मागे सारून डावा हात खिडकीत पुढे करायची. मनगटाच्या वर हिरवट अक्षरात आजोबांचं नाव गोंदलेलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा तिचा नेम, घ्यायचंच झालं तर उखाण्यात, आणि केसपेपरच्या रांगेत उखाणा कुठे घेणार, म्हणून हात. तिला स्वतःला लिहिता वाचता येत नव्हतं, पण ते नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते ती बोट ठेवून दाखवायची.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे नाशिकमध्ये टॅटूचं दुकान नाही असा भाग आता शोधावा लागतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही जा, काचेचा दरवाजा, आत काळी खुर्ची आणि भिंतीवर महादेव, वाघ, पिसं, घड्याळं. आणि घरोघरी एकच वाद, की हे फॅड परदेशातून आलं, आपल्यात असलं काही नव्हतं. असं म्हणणाऱ्या काकांच्या स्वतःच्या आईच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदलेलं असतं आणि ते त्यांच्या लक्षातच येत नाही, कारण त्याला आपण टॅटू म्हणत नाही ना, गोंदण म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही एकच गोष्ट आहे, मधे एक पिढी तुटली म्हणून ती दोन वाटते.

आधी गोंदणाचं सांगते. आपल्याकडे गोंदायला बाया यायच्या, भटक्या समाजातल्या, सुगी झाली की गावात यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि आळीतल्या सगळ्या पोरी गोळा व्हायच्या, म्हणजे केल्या जायच्या. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, त्याआधी काटे वापरत. रंग म्हणजे दिव्याचं काजळ, ते कुठल्यातरी पाल्याच्या रसात खलायचं, त्वचेवर नक्षी काढायची आणि टोचत जायचं. टोचताना ती बाई गाणं म्हणायची, त्यामुळे पोरीचं लक्ष थोडं दुसरीकडे जायचं, आणि तरी रडारड व्हायचीच, दोघी-तिघी धरून बसायच्या. नंतर वर हळद-तेल. मोबदला म्हणून पसाभर बाजरी, जुनं लुगडं, कधी आणा-दोन आणे. सात-आठ वर्षाची पोर असायची, तिला कोणी विचारत नव्हतं की तुला पाहिजे का. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण जुनं ते सगळं गोड असं मला वाटत नाही. आजी सांगायची की ती अर्ध्यातून पळाली होती, म्हणून तिच्या उजव्या हातावरच्या तुळशीला एका बाजूला पानंच नव्हती. शेवटपर्यंत ती तुळस तशीच राहिली.

नक्षी ठरलेल्या असायच्या. तुळस, विंचू, मोर, फूल, नाग, हनुवटीवर एक किंवा तीन ठिपके, कपाळावर कुंकवाच्या जागी टिकली किंवा चंद्रकोर. कपाळावरच्या टिकलीचा विचार केला की मला दरवेळी थांबायला होतं, कारण नवरा गेल्यावर कुंकू पुसायला लावायचे पण गोंदलेली टिकली कोणाला पुसता आली नाही. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर अशा आदिवासी समाजातल्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अजून हे सगळं दिसतं. बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, भाजी घेऊन बसलेल्या मावशींचे हात बघा एकदा.

आणि सगळ्यांची समजूत एकच, मेल्यावर सोनं-नाणं इथेच राहतं, अंगावरचं काढून घेतात, सोबत येतं ते फक्त गोंदण. गरीब बाईचा तो दागिना होता, चोरीला न जाणारा, गहाण न पडणारा. दुखऱ्या जागी गोंदून घ्यायचीही पद्धत होती, गुडघ्याला, सांध्याला. हे वाचून हसू नका, कारण जगातलं सगळ्यात जुनं गोंदण जे सापडलंय त्यातही हीच शंका आहे. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात गोठलेला एक माणूस सापडला, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा, त्याला ओट्झी म्हणतात, त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत, बहुतेक नुसत्या रेघा, आणि त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, म्हणून अभ्यासक म्हणतात की हा उपचार असावा. रंग कशाचा, तर काजळीचा. म्हणजे आपल्या बायांकडे होता तोच.

काजळ काळं आणि गोंदण हिरवं का दिसतं हा प्रश्न मला लहानपणी फार पडायचा. रंग त्वचेच्या वरच्या थराखाली, एक-दोन मिलिमीटर आत बसतो, आणि वरच्या त्वचेतून बघताना प्रकाश पसरतो म्हणून काळा कण निळसर हिरवा दिसतो. तो जात का नाही, तर शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळून तिथेच बसतात, पेशी मेली की कण सुटतो आणि शेजारची नवी पेशी तो परत गिळते. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे नीट दिसलं. लेझरने काढायचं तेव्हा हेच कण फोडून बारीक करतात म्हणजे शरीर ते वाहून नेऊ शकतं, पण त्याला बऱ्याच बैठका लागतात आणि करून घेण्यापेक्षा काढायलाच जास्त पैसे जातात.

आता टॅटू हा शब्द. तो पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा, तिकडे टाटाऊ म्हणतात, कॅप्टन कुकची माणसं १७६९ मध्ये ताहितीला गेली आणि त्यांच्या लिखाणातून तो इंग्रजीत आला. मग खलाशांनी करून घेतले, मग राजघराण्यातल्यांनी, सातवा एडवर्ड राजपुत्र असताना १८६२ मध्ये जेरुसलेमला हातावर क्रूस गोंदवून आला. मशीन आलं न्यूयॉर्कमध्ये, सॅम्युअल ओरायली नावाच्या माणसाने १८९१ मध्ये पेटंट घेतलं. एडिसनने कागदाला भोकं पाडून प्रती काढायचं एक इलेक्ट्रिक पेन आधी बनवलं होतं, त्याच कल्पनेवर हे. त्याच न्यूयॉर्कमध्ये पुढे काविळीच्या भीतीने १९६१ पासून १९९७ पर्यंत टॅटूला बंदी होती, म्हणजे तिकडेही हे सगळं नेहमी उजळ माथ्याने चाललं होतं असं नाही.

उजळ माथ्यावरून आठवलं, इंग्रजांनी आपल्याच गोंदणाचा एक फार वाईट वापर केला. बंगाल इलाख्यात १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायचे, सरकारी कागदात शब्दसुद्धा गोदना हाच. सुटका झाली, पळून गेला, तरी कपाळ सांगणार. कैदी मग फेटा भुवयांपर्यंत ओढून बांधायचे. १८४९ मध्ये ते बंद झालं. ज्या जागी आपली बाई टिकली गोंदवत होती त्याच जागी सरकार गुन्हा गोंदवत होतं, हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसले होते. आणि हीच कल्पना सव्वाशे वर्षांनी सिनेमात आली बघा, १९७५ च्या दीवारमध्ये लहान मुलाच्या हातावर लोक जबरदस्तीने गोंदवतात, मेरा बाप चोर है, आणि अमिताभ मोठा झाल्यावरही ते हातावरून जात नाही. आमच्या आईच्या पिढीला तो सीन कोणी समजावून सांगावा लागला नाही, गोंदलेलं जात नाही हे सगळ्यांना घरातच माहीत होतं.

पण तीच आईची पिढी गोंदण सोडणारी. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि याबद्दल कोणी बोलत नाही. मुली शाळेत जायला लागल्या, शहरात आल्या, नोकऱ्या करायला लागल्या आणि हनुवटीवरचे ठिपके गावंढळ वाटायला लागले. माझ्या आईला लहानपणी हनुवटीवर एकच ठिपका केला होता, कॉलेजला जाताना ती त्यावर पावडर थापायची. आम्हा बहिणींना गोंदायचा विषय आला तेव्हा आईनेच आजीला ठाम नाही सांगितलं. ती चुकली असं मी म्हणत नाही, आम्हाला कोणी धरून टोचलं नाही याचं श्रेय तिचंच. पण त्यात गोंदणाऱ्या बायांचा धंदा गेला. त्यांच्या हातात जी कला होती, छापा नाही, कागद नाही, नुसत्या नजरेने दोन्ही हातांवर सारखी नक्षी उतरवायची, त्याला कोणी कला म्हटलंच नाही.

मधल्या काळात गोंदण जिवंत ठेवलं ते जत्रांनी. नवरात्रात कालिकेची यात्रा, चैत्रात वणीचा गड, पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा, आणि बारा वर्षांनी सिंहस्थ. जमिनीवर पोतं, एक बॅटरी, घरघर वाजणारं छोटं मशीन, पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं, आणि भाव अक्षरावर. म्हणून पुरुषांच्या हातावर तुम्हाला जास्त करून नाव दिसेल, स्वतःचं नाहीतर देवाचं, नाहीतर दोस्ताचं. स्वतःचंच नाव कशाला असं वाटतं, पण एवढ्या गर्दीत हरवायची भीती खरी होती आणि वाचता न येणाऱ्या माणसाला हातावरचं नाव हा आधार होता. आजही पेपरात हरवल्याच्या जाहिराती वाचा, रंग सावळा, उंची अमुक, उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले, असंच असतं. फक्त तिथे सुई एकच असायची, आधीच्याला टोचलेली पुढच्याला, आणि एचआयव्ही आणि काविळीची माहिती लोकांपर्यंत पोचल्यावर ते पोतं बऱ्याच ठिकाणी उठलं ते बरंच झालं. रक्तदानाला गेलात तर अजून विचारतात, टॅटू केलाय का, केला असेल तर १२ महिने रक्त घेत नाहीत.

मग क्रिकेटवाले आणि सिनेमावाले आले आणि लाज गेली. सैफने करीनाचं नाव देवनागरीत हातावर घेतलं, २००८ मध्ये गजनी आला आणि आमिरच्या छातीवरची अक्षरं बघून पोरं पेनाने अंगावर लिहायला लागली, नंतर विराटचे हात. आणि फुटबॉलवाल्या बेकहॅमचा किस्सा तर मला फार आवडतो, त्याने २००० मध्ये बायकोचं नाव देवनागरीत गोंदवलं आणि जगभर बोंब झाली की हिंदीत स्पेलिंग चुकलं, एक ह जास्त आहे, कारण त्यावर व्हिक्टोरिया लिहिलंय. अहो, मराठीत व्हिक्टोरिया असंच लिहितात! हिंदीवाल्यांना चूक वाटली, आपल्या हिशोबाने त्याचा हात शुद्ध मराठी आहे.

नाशिकच्या हातांवर काय दिसतं तर आई. आई सगळ्यात जास्त, नुसतं आई किंवा आई-बाबा. मग महादेव, त्रिशूळ, रुद्राक्ष, त्र्यंबकेश्वर जवळ असल्यामुळे असेल. छत्रपती शिवाजी महाराज दंडावर आणि छातीवर. आणि निळ्या रंगात जय भीम, ज्याला इथे वेगळाच अर्थ आहे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला इथे सुरू झाला आणि १९३५ ची धर्मांतराची घोषणा आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात झाली, त्यामुळे पंचवटीच्या रस्त्यावर एखाद्या पोराच्या मनगटावर ते वाचलं की मला त्यात नुसती फॅशन दिसत नाही. आजीच्या वेळी गोंदण अंगावर आलं ते समाजाने ठरवलं म्हणून, या पोरांनी ते स्वतः निवडलं, फरक म्हणाल तर हाच खरा.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी मात्र एक सांगते, नाशिकरोड-देवळालीचा भाग तोफखान्याचा, इथे घरटी एक तरी पोरगा मैदानावर पळत असतो. सैन्यात कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी कुठे असला तर बाहेर काढतात. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे, म्हणजे निदान त्या नियमात तरी गोंदणाचं नाव वेगळं आणि मानाने घेतलंय. दंडावर मोठं चित्र काढून घ्यायच्या आधी हे वाचा.

२०२६-२७ चा सिंहस्थ येतोय, घाटावर परत मशीन घेऊन माणसं बसतील. करून घ्यायचंच असेल तर सुई पाकिटातून आपल्या समोर फोडायला लावा, शाईसुद्धा नवीन टोपणात ओतायला लावा, लाजू नका. आणि त्याआधी एक काम करा, घरात नाहीतर ओळखीत गोंदलेली आजी असेल तर तिला विचारून, तिची मर्जी असेल तरच, हातांचे फोटो काढा आणि प्रत्येक नक्षीला ती काय म्हणते ते तिच्याच शब्दात लिहून घ्या. नक्षी फोटोत राहते पण तिचं नाव राहत नाही. माझ्या आजीच्या कोपराजवळ एक नक्षी होती, चार ठिपके, मधे आडवी रेघ आणि वर जाळीसारखं काहीतरी, त्याला तिच्याकडे एक नाव होतं, मी लहान असताना दहा वेळा ऐकलं असेल. आईला विचारलं, आत्याला विचारलं, दिंडोरीच्या मावशीला फोन केला. कोणालाच आठवत नाही.