एका डोळ्याच्या आजारातून सापडलेले पहारेकरी जनुक

लहान मुलाच्या फोटोत एखाद्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर ती रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरची खूण असू शकते. कॅन्सरला आवर घालणारे पहिले जनुक हाती लागले ते या दुर्मीळ आजारामुळे.

पेशीत असा आवर असावा, ही शंका त्याआधीची. १९६९मध्ये ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस यांच्या गटाने उंदराच्या कॅन्सरपेशी साध्या पेशींशी जोडल्या, तेव्हा त्यांचा गाठी करण्याचा गुण दबला.

मला सर्वांत थोर वाटते ते मात्र आल्फ्रेड नुडसन यांचे काम. त्यांच्यापुढे होत्या ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या ४८ रुग्णांच्या नोंदी: गाठ एका डोळ्यात की दोन्ही, आणि निदान कोणत्या वयात. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचे निदान लवकर झालेले होते. आकडे आलेखावर मांडून १९७१मध्ये त्यांनी अनुमान काढले, की कॅन्सरसाठी दोन धक्के लागतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. आनुवंशिक आजारात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्यामुळे पडद्याच्या असंख्य पेशींपैकी काहींत दुसरीही बिघडली की झाले. इतर मुलांत एकाच पेशीला दोन्ही धक्के बसावे लागतात. म्हणून गाठ उशिरा, आणि एकाच डोळ्यात. जनुक कोणी पाहिलेलेही नव्हते, तेव्हाचा हा हिशेब!

पुढचा शोध हरवलेल्या वस्तूचा होता. काही रुग्णांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला दिसला होता. १९८३मध्ये वेबस्टर कॅव्हनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गाठीत चांगली प्रतही गेलेली असते. १९८६मध्ये थॅडियस ड्रायजा, स्टीफन फ्रेंड आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने गाठींतून नाहीसे होणारे ते जनुक वेगळे काढले. तेच आरबी, रेटिनोब्लास्टोमावरून नाव पडलेले. त्याचे प्रथिन पेशीला विभागायला लावणाऱ्या ई-टू-एफ प्रथिनांना धरून ठेवते आणि पेशीला अवेळी विभागू देत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू नेमके हेच प्रथिन निकामी करतो.

आज हा आनुवंशिक आजार असलेल्या घरात बाळ जन्मले, की रक्ततपासणीत तो बिघाड शोधता येतो. सापडला तर डोळे पहिल्या आठवड्यांपासूनच तपासले जातात आणि गाठ बारीक असतानाच उपचार होतात. घरातला बिघाड नेमका माहीत असून बाळात तो नसला, तर भूल देऊन वारंवार करायच्या तपासण्या टळतात.