स्नेक की वुडहेड : मँचेस्टर आणि शेफील्डमधले दोन घाटरस्ते

मँचेस्टरहून शेफील्डला मोटारीने जायचे म्हटले की दोन नावे हमखास निघतात, स्नेक पास आणि वुडहेड पास. दोन्ही रस्ते पेनाइन डोंगररांग ओलांडतात, दोन्ही पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातून जातात, दोन्हींच्या माथ्यावर झाडाचा आडोसा नसलेले तेच तपकिरी ओले माळ पसरलेले आहेत आणि बर्फ पडला की बंद रस्त्यांच्या बातमीत दोघांची नावे एका दमात घेतली जातात. त्यामुळे नवख्या माणसाला ही एकाच रस्त्याची दोन नावे वाटतात, नाहीतर एक बंद असला तर दुसरा धरावा, एवढाच त्यांचा परस्परसंबंध आहे असे वाटते. पोहोचण्यापुरते पाहिले तर ही समजूत चालून जाते. पण डोंगर पाहण्यासाठी गाडी काढणाऱ्याची तिच्यामुळे बरीच निराशा होऊ शकते, कारण स्नेक हा गाडीतून पाहण्याचा रस्ता आहे आणि वुडहेडचे सौंदर्य गाडीतून उतरल्याशिवाय फारसे हाती लागत नाही.

गोंधळाचे मूळ रस्त्याच्या आखणीतच आहे. मँचेस्टरच्या बाजूने येणारा एम ६७ हा आखूड मोटरवे मॉट्रमजवळ संपतो आणि तिथून हॉलिंगवर्थ गावापर्यंत दोन्ही घाटांकडे निघालेली वाहने ए ५७ या एकाच रस्त्यावरून, बहुतेक वेळा एकाच रांगेतून, सरकत असतात. हॉलिंगवर्थच्या सिग्नलवर ए ५७ उजवीकडे वळून ग्लॉसपमार्गे स्नेककडे जातो, तर नाकासमोर जाणारा रस्ता तिथून ए ६२८ होतो आणि वुडहेडला निघतो. म्हणजे ज्याला आपला क्रमांक सोडायचा नाही त्याने वळायचे, आणि जो वळायला विसरेल त्याचा घाट बदलणार, असा हा उफराटा प्रकार आहे. पहिल्या खेपेला मी तेच केले. टिंटविसलची काळवंडलेली दगडी घरे मागे पडली, उजव्या हाताला पाणी दिसू लागले आणि हाच स्नेकवरचा लेडीबोअर जलाशय असणार अशी मी समजूत करून घेतली. खरा लेडीबोअर डोंगरापलीकडे होता. पुढची बरीच मैल मी एका मालट्रकचे मागचे दार आणि त्यावरचे चिखलाचे शिंतोडे पाहत काढली.

दोन्ही रस्ते नकाशावर वेगळे ओळखायचे असतील तर ब्लीकलो हा डोंगर ध्यानात ठेवावा. ६३३ मीटर उंचीचे हे दलदलीचे पठार दोन्ही रस्त्यांच्या मधोमध पसरले आहे. त्याच्या दक्षिणेकडून स्नेक जातो आणि उत्तरेकडून वुडहेड. स्नेकच्याही दक्षिणेला किंडर स्काउट (६३६ मीटर) आहे, म्हणजे स्नेक दोन उंच पठारांमधल्या खिंडीतून वर चढून उतरतो. वुडहेडचा रस्ता मात्र लाँगडेंडेल या लांबलचक दरीच्या कुशीतून सरकत सरकत दरीच्या वरच्या टोकापाशी माथ्यावर निघतो. स्नेकचा माथा ५१२ मीटरवर आहे. वुडहेडचा त्याहून बराच खाली आहे. हा उंचीतला फरक मामुली नाही, कारण हिवाळ्यात पहिला बंद होणारा रस्ता जवळजवळ नेहमी स्नेकच असतो.

स्नेक या नावाबद्दलही एक गैरसमज आहे. नागमोडी वळणांवरून हे नाव पडले असावे असे कोणालाही वाटेल, आणि वळणे आहेतही तशीच. पण नाव आले ते वाटेवरच्या स्नेक इन या खाणावळीवरून, आणि खाणावळीला ते मिळाले डेव्हनशरच्या ड्यूकच्या, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याच्या, मानचिन्हावरील सापावरून. हा रस्ता १८२१ साली टोलरस्ता म्हणून खुला झाला आणि त्याची आखणी थॉमस टेलफर्ड याची मानली जाते. ग्लॉसप सोडताच चढण लागते, गावाची शेवटची घरे आरशात लहान होत जातात आणि काही मिनिटांत दोन्ही बाजूंना फक्त पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, काळी माती, गवताचे पुंजके आणि मधूनच रस्त्यावर निवांत उभी असलेली मेंढी एवढेच उरते. माथ्यावर पेनाइन वे ही पायवाट रस्ता ओलांडते. तिथे दगडी फरशा टाकलेल्या आहेत, कारण त्यांच्याविना पाय घोट्यापर्यंत रुततो. माथा ओलांडल्यावर उतार दीर्घ आणि सौम्य आहे: आधी झाडीचा पट्टा, मग अॅशॉप नदीची रुंद होत जाणारी दरी, आणि अखेरीस लेडीबोअरचे पाणी. हे धरण बांधताना डर्वेंट आणि अॅशॉपटन ही दोन गावे पाण्याखाली गेली. ज्या उंच पुलावरून ए ५७ आज जलाशय ओलांडतो, त्याला त्यांतल्याच एका गावाच्या नावावरून अॅशॉपटन व्हायाडक्ट म्हणतात. वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे, पण अनेक वळणांवर तेवढा वेगही जास्तच ठरतो; मोटारसायकलस्वारांना या रस्त्याचे फार वेड आहे आणि अपघातांसाठीही तो बदनाम आहे.

वुडहेडचा इतिहास सहलीचा नाही, वाहतुकीचा आहे. चेशरचे मीठ घोड्यांच्या पाठीवर लादून लाँगडेंडेलच्या याच दरीतून यॉर्कशरकडे जात असे. माथ्याजवळचे सॉल्टर्स ब्रुक हे नाव, म्हणजे मीठवाल्यांचा ओढा, त्याचीच खूण आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरला पाणी हवे झाले तेव्हा जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याने दरीत एकापाठोपाठ एक धरणे बांधली. वुडहेड, टॉरसाइड, रोड्सवुड, व्हेलहाउस आणि बॉटम्स हे पाच जलाशय आजही ए ६२८ च्या कडेने जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरत जातात. रेल्वेही इथूनच गेली. पहिला वुडहेड बोगदा १८४५ मध्ये सुरू झाला. सुमारे तीन मैल लांबीचा आणि विजेच्या गाड्यांसाठी खास बांधलेला तिसरा बोगदा १९५४ मध्ये खुला झाला. पुढे १९७० साली प्रवासी गाड्या थांबल्या आणि १९८१ मध्ये मार्गच बंद पडला. आता त्या बोगद्यातून उच्च दाबाच्या वीजवाहिन्या जातात आणि रुळांच्या जागी चालण्या-सायकलीची वाट आहे.

रेल्वे बंद पडल्यावर माल रस्त्यावर आला आणि तो प्रामुख्याने वुडहेडवर आला. १९८८ मध्ये ए ६१६ वरचा स्टॉक्सब्रिज वळणरस्ता तयार झाला, तेव्हा एम १ मोटरवेपासून मँचेस्टरपर्यंत अवजड वाहनांना सलग धरता येईल अशी वाट मिळाली. इथे आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्नेक खरोखर शेफील्डच्या वस्तीत, रिव्हलिन दरीतून, शिरतो. वुडहेड तसा शेफील्डला जातच नाही. तो पेनिस्टन आणि बार्न्सलीच्या दिशेने जातो, आणि शेफील्डला किंवा एम १ ला जायचे असल्यास फ्लाउचच्या चौकात ए ६१६ धरावा लागतो. त्यामुळे ट्रकचालकाला वुडहेड सोयीचा आणि शहरात जाणाऱ्याला स्नेक जवळचा, अशी विभागणी आपोआप झाली आहे.

दोघांमधला सर्वांत मोलाचा फरक मात्र रस्त्याच्या पायाखाली आहे. मराठीत आपण घाटातल्या प्रत्येक अडथळ्याला दरड कोसळली असे म्हणतो, पण स्नेकवर दरड कोसळण्यापेक्षा रस्ता खचतो, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरड वरून येते, ती उचलून बाजूला केली की वाहतूक सुरू होते. स्नेकची जमीन रेतीखडक आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला मऊ, पापुद्र्यांचा खडक) यांच्या थरांची आहे. पावसाचे पाणी वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपून शेलपाशी अडते, शेल निसरडी होते आणि तिच्यावरचा संपूर्ण उतार, रस्त्यासकट, हळूहळू खाली घसरतो. अशा वेळी बाजूला करण्यासारखे काहीच नसते, कारण जागेवरून रस्ताच हललेला असतो. फेब्रुवारी २०२२ मधल्या लागोपाठच्या वादळांनंतर स्नेक अशाच कारणाने बंद करावा लागला होता. हीच प्रक्रिया टोकाला गेली तर काय होते हे दक्षिणेला मॅम टॉर या टेकडीखाली पाहता येते: तिथला ए ६२५ वर्षानुवर्षे डागडुजी करून १९७९ मध्ये कायमचा सोडून द्यावा लागला आणि डांबराचे थरावर थर चढवलेले तुकडे आजही वाकडेतिकडे पडलेले आहेत. स्नेकवरून जाताना एखाद्या ठिकाणी डांबर नवे आणि किंचित लाटेसारखे वाटले, तर ते कशामुळे हे मॅम टॉर पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

देखभालीचे मालकही निराळे आहेत. वुडहेड हा राष्ट्रीय महत्त्वाचा ट्रंक रस्ता असून तो नॅशनल हायवेज या सरकारी संस्थेकडे आहे; स्नेकचा घाट डर्बीशर काउंटी कौन्सिलच्या अखत्यारीत येतो. म्हणून निघण्यापूर्वी एकाची स्थिती पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. शिवाय एक बंद झाला की त्याची गर्दी दुसऱ्यावर येते, हे वेळेचा हिशेब करताना धरावे.

तर मग निव्वळ भटकंतीला निघालेल्याने वुडहेड टाळावा का? माझे मत तसे नाही. मालट्रकच्या रांगेत दरी पाहणे अशक्य आहे हे खरे, पण वाटेवरच्या क्राउडन या वस्तीला गाडी लावून पायवाट धरली, तर पंधरा मिनिटांत रस्त्याचा आवाज वाऱ्यात विरतो. याशिवाय वुडहेडजवळून ए ६०२४ हा फाटा होम मॉसवर चढतो. त्याचा माथा ५२४ मीटरवर, म्हणजे स्नेकपेक्षाही उंच आहे; २०१४ मध्ये टूर द फ्रान्सचे सायकलपटू हाच माथा ओलांडून गेले होते. मालवाहतुकीचा ओघ खालीच राहत असल्याने गाडी चालवण्याचा जो आनंद वुडहेड देत नाही, तो हा फाटा भरपूर देतो.

एकाच दिवसात दोन्ही घाट पाहायचे असतील तर ग्लॉसपहून निघणारा बी ६१०५ हा अरुंद रस्ता कामी येतो. डेव्हिल्स एल्बो नावाचे एक तीव्र वळण घेत तो वुडहेड धरणापाशी ए ६२८ ला मिळतो, आणि मग हॉलिंगवर्थच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. मात्र दिशेचा विचार आधी करावा. दोन्ही घाट पूर्व-पश्चिम आहेत, त्यामुळे सकाळी शेफील्डकडे किंवा संध्याकाळी मँचेस्टरकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येते आणि माळ नुसता काळा दिसतो. ऑगस्टमध्ये हेदर या माळावरच्या झुडपाला जांभळा बहर असताना दुपार कलल्यावर ग्लॉसपहून पूर्वेकडे निघावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो.